टाकीच्या पलीकडचा कडा

सोमनाथ दुसान्यांचं दुकान नाशिकमध्ये रविवार कारंज्यामागच्या एका बोळात, जिन्याखाली होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. घराणं सोनाराचं. वडिलांनी लहानपणीच हातात चिमटा आणि डोळ्याला भिंग दिलं, पण सोमनाथांचा जीव दागिन्यांत रमला नाही, कॅमेऱ्यांत रमला. रोलच्या काळात पार मालेगाव-सटाण्याहून लग्नाचे फोटोग्राफर त्यांच्याकडे यायचे. अडकलेलं शटर, बुरशी धरलेली लेन्स, हळदीच्या दिवशी हातातून निसटलेला कॅमेरा, काहीही आणा, दुसाने दुपारपर्यंत चालू करून देणार अशी ख्याती होती. आता साठी जवळ आली होती आणि गिऱ्हाईक आटलं होतं. येणारा बहुतेक घड्याळात सेल टाकायला यायचा. तरी ते रोज साडेदहाला दुकान उघडत आणि टेबलावर हिरवं फडकं अंथरून बसत.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची, उन्हाने रापलेली, पाठीवर मोठी सॅक. नाव दिशा. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, पण बागेत न रमता गिधाडांच्या मागे लागलेली. पेठकडच्या डोंगरात कुठल्या कड्यावर किती घरटी, कुठल्या घरट्यात पिल्लू जगलं, याची नोंद एका संस्थेसाठी ठेवायचं तिचं काम होतं. तिने सॅकमधून आधी नवाकोरा कॅमेरा काढला आणि मग शेल्यात गुंडाळलेली एक जाडजूड, बुटकी, काळी नळी.

"काका, ही माझ्या आजोबांची. ते ओझरला विमानाच्या कारखान्यात होते. तिथे रशियन इंजिनियर यायचे, त्यांतल्या एकाने घरी परतताना आजोबांना दिली. आजोबा हिच्यातून विमानं बघायचे."

सोमनाथांनी नळी हातात घेतली. वजनदार होती. पुढच्या काचेच्या मधोमध काळी चकती होती. अशी लेन्स त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती.

"आत आरसे आहेत हिच्यात," ते म्हणाले. "पाचशे मिलिमीटरची. लांबचं ओढून आणते. आणि तुझा कॅमेरा बिनआरशाचा. जोडी जमली म्हणायची."

"जमत नाहीये, हीच तर तक्रार आहे," दिशा म्हणाली. "मध्ये ही जोडरिंग टाकून बसते, पण कॅमेरा म्हणतो लेन्सच नाही. फोटोच निघत नाही. कसाबसा निघाला तर फोकस धड नाही. फोकस बरोबर झाला की कडांवर लाल रेघा उमटतात असं म्हणतात, त्या उमटत नाहीत. लेन्सवरची फोकसची रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होऊन दिसायला हवं, तेही होत नाही. नवी लांब लेन्स घ्यायची माझी ऐपत नाही, आणि मला लांबचंच बघायचंय."

सोमनाथांनी असा कॅमेरा कधी उघडला नव्हता. खरं तर नीट हाताळलाही नव्हता. पण "मला येत नाही" हे वाक्य त्यांच्या दुकानात कधी बोललं गेलं नव्हतं. "दोन दिवस ठेवून जा," ते म्हणाले.

ते दोन दिवस ते त्या कॅमेऱ्याशी झगडले. जुन्या कॅमेऱ्यात काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसायचं, दातरा झिजलेला, स्प्रिंग सुटलेली. इथे उघडायला काही नव्हतंच. सगळं पडद्यावरच्या यादीत दडलेलं, यादीच्या पोटात आणखी यादी. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी कॅमेऱ्याच्या माहिती-पुस्तिकेची पानं छापून आणली आणि चष्मा कपाळावर सारून शब्द न् शब्द वाचला.

हळूहळू उलगडलं. हल्लीच्या लेन्सच्या बुडाशी पितळी टिकल्या असतात, त्यांतून ती कॅमेऱ्याशी बोलते. मी अमुक मापाची, मला आता फिरवताहेत. ही रशियन लेन्स साधी आट्यांची, मुकी. आत वायर नाही, टिकली नाही. कॅमेऱ्याच्या लेखी पुढे भोकच. मग त्याला यादीत जाऊन सांगावं लागलं की लेन्स दिसली नाही तरी फोटो काढ. फोकस हाताने करणार आहोत हेही सांगावं लागलं, कारण तोवर तो आपला आपणच फोकस करायच्या तयारीत बसून होता आणि म्हणून लाल रेघा दाखवत नव्हता. रिंग फिरतेय हे त्याला कळणं शक्य नव्हतं, तेव्हा चित्र मोठं करायचं काम सोमनाथांनी पाठीमागच्या एका बटणाला नेमून दिलं. आणि हात हलला तर चित्र स्थिर ठेवायची जी सोय होती, तिला लेन्सचं माप हाताने भरून दिलं: पाचशे.

मग त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बोळाच्या तोंडाकडे रोखला आणि रिंग हळूच फिरवली.

समोर फुलवालीची टोपली होती. आधी नुसता पिवळा धूर दिसला. मग धुरातून झेंडूची फुलं वर आली, आणि ज्या क्षणी ती स्पष्ट झाली त्या क्षणी प्रत्येक पाकळीच्या कडेवरून लाल रेघ सळसळत गेली. रिंग आणखी केसभर फिरवली तर ती रेघ पुढच्या फुलांवरून उठून मागच्या फुलांवर गेली. वाऱ्याची झुळूक शेतावरून जाते तशी. सोमनाथांनी ती मागे-पुढे, मागे-पुढे कितीतरी वेळ नेली. चाळीस वर्षं ते काचेत बघून दुभंगलेलं चित्र जुळवत आले होते. जुळलं की नाही ते आपल्या नजरेने ठरवायचं. इथे यंत्र सांगत होतं, बघ, मी इथे बघतोय. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून त्यांनी ती रेघ त्यालाही दाखवली.

दिशा कॅमेरा न्यायला आली तेव्हा खूश झाली. जाता जाता म्हणाली, "काका, एकच. ही रिंग शेवटच्या खुणेच्याही पुढे फिरत राहते. लांबचं स्पष्ट होतं आणि पुन्हा धूसर होतं. खुणेवर पक्की थांबली तर बरं होईल. कड्यासमोर बसल्यावर हात गारठलेले असतात."

"आडवा आठ काढलाय ना, त्या खुणेवर?"

"हो. म्हणजे अनंत. सगळ्यात लांबचं."

"करून देतो," सोमनाथ म्हणाले. हे काम त्यांनी हजारदा केलं होतं. कॅमेऱ्यासकट लेन्स घेऊन ते वरच्या गच्चीवर गेले. गल्लीत सगळीकडे भिंती, लांबचं म्हणावं असं गच्चीवरून एकच दिसायचं, पलीकडच्या आळीतली पाण्याची टाकी. ऐंशी मीटर असेल. प्रत्येक लेन्स ते त्याच टाकीवर लावत आले होते. रिंगचे तीन बारीक स्क्रू सैल केले, टाकीच्या शिडीच्या पायऱ्या लखलखीत स्पष्ट केल्या, खूण आडव्या आठावर आणली आणि स्क्रू आवळले. आता रिंग तिथे येऊन टक्कन थांबत होती.

पाच दिवसांनी फोन आला.

"काका, इथे कड्यावर काहीच स्पष्ट येत नाही. लाल रेघा तर सगळीकडे आहेत. अख्खा कडा लाल होतो. आणि फोटो बघावा तर शेवाळ्यासारखा."

सोमनाथांना आधी रागच आला. आपण लावून दिलेली लेन्स, टाकीची शिडी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. पोरीलाच हाताळता येत नसणार. पण दिशाचा आवाज रडवेला होता. ती म्हणाली, "कड्यावर गिर्यारोहणाचं शिबिर घ्यायचं घाटतंय. शंभर पोरं दोर लावून चढणार. घरटं जिवंत असेल तर ते शिबिर दुसऱ्या डोंगरावर नेतील, त्यांची तयारी आहे. पण महिनाभर घरट्यात कुणाला काही दिसलेलं नाही. सगळे म्हणतात ते यंदा सोडून दिलंय. बुधादादा एकटे म्हणतात की पिल्लू आहे. सोमवारी मला लिहून द्यायचंय, आहे की नाही. मी न बघता कसं लिहू?"

तो शनिवार होता. सोमनाथांनी हिरव्या फडक्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर गुंडाळले, भिंग खिशात टाकलं आणि पेठची एसटी धरली.

दिशा फाट्यावर दुचाकी घेऊन उभी होती. तिथून पुढे कच्चा रस्ता. पळस नुकता पेटायला लागला होता. पाडा दहा-बारा घरांचा, आणि घरांच्या मागे तो कडा उभा. तिथली माणसं त्याला धवळ्या कडा म्हणत. काळ्या खडकावर पाखरांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, चुन्याचे हात मारल्यासारखे. गिधाडं किती पिढ्या तिथे बसत होती कुणास ठाऊक.

बुधा साठीचा, काटकुळा, डोक्याला मळकं फडकं. गिधाडांवर लक्ष ठेवायला दिशाच्या संस्थेने त्याला नेमलं होतं, पण नेमलं नसतं तरी त्याने ते केलंच असतं. त्याचं भाताचं खाचर कड्याच्या पायथ्याशीच होतं.

"हे कॅमेऱ्याचे डाक्टर," दिशाने ओळख करून दिली.

बुधाने सोमनाथांना निरखून पाहिलं. "तुमच्यानं तरी दिसंल का भाऊ? मला दिसत नाय, पण ठावं हाय. आई येती. दोन दिसाआड, दहाच्या टायमाला. येती, आत शिरती, घडीभर राहती, जाती. रिकाम्या घरात कोण कशाला येईल?"

"ती आत जाते हे दुसऱ्या कुणी पाहिलं?" सोमनाथांनी विचारलं.

"घरटं बघाया सायब लोकं येत्यात ती बाराला," बुधा म्हणाला.

दुपारी सोमनाथांनी तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर, कॅमेरा लावला. कडा पावणेदोनशे मीटरवर होता. मधोमध एक आडवी कपार, कपारीत काटक्यांचा ढीग, त्याच्या मागे अंधार. कॅमेरा डोळ्याला लावला आणि खरंच, सगळा कडा लाल. गवताच्या काड्या, खडकाच्या भेगा, पांढऱ्या ओघळांच्या कडा, सगळीकडे लाल मुंग्या सुटल्यासारख्या. त्यांनी यादीत जाऊन रेघांचा जोर कमी केला. मुंग्या कमी झाल्या. रंग बदलून पिवळा केला, कारण काळपट खडकावर तांबडं काय कळणार. मग त्यांच्या एक लक्षात आलं. ही रेघ खोटं बोलत नाही, पण तिला फोकस कळतच नाही. तिला फक्त काळ्याशेजारी पांढरं आलेलं कळतं. झेंडूच्या टोपलीत ते दोन्ही एकच होतं. इथे काळ्या खडकावर पांढरा ओघळ, म्हणजे धूसर असला तरी तिला ती स्पष्ट कडच वाटणार.

त्यांनी रेघा बंद केल्या आणि बटण दाबून चित्र मोठं केलं. कपार जवळ आली, पण पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. तिकाटण्यावर कॅमेरा असताना स्थिर ठेवायची सोय उलट चित्र हलवते, हे त्यांनी पुस्तिकेत वाचलं होतं. तीही बंद केली. हलणं कमी झालं, थांबलं नाही.

"हवा हाय ती," मागून बुधा म्हणाला. त्याने कॅमेऱ्यात पाहिलं नव्हतं. तो नुसता कड्याकडे बघत होता. "दगड तापला का हवा वर चढती. सकाळी या."

रात्री बुधाच्या घरी नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं झालं. उद्या हवा शांत असेल, मग स्पष्ट दिसेल, असं सोमनाथ स्वतःला सांगत होते.

उजाडताना तिघंही कड्यासमोर होते. थंडी चांगलीच होती. कड्याचा माथा आधी गुलाबी झाला, मग ऊन हळूहळू खाली उतरू लागलं. हवा अशी निश्चल की पाड्यातला कोंबडा कानाशी आरवल्यासारखा वाटावा. सोमनाथांनी चित्र मोठं केलं आणि रिंग फिरवायला लागले. कपार धुरातून वर येऊ लागली. काटक्यांचा ढीग वेगळा झाला. त्यातली एक जाड फांदी दिसली. आणखी फिरवलं. फांदीवरची साल दिसेल असं वाटू लागलं, आणखी थोडं, आणि टक्. रिंग थांबली.

ते तसेच वाकून राहिले. परत मागे नेऊन पुढे आणली. स्पष्ट होत होत, होत होत, टक्.

गच्चीवरची टाकी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ऐंशी मीटर. जन्मभर ते पन्नास मिलिमीटरच्या लेन्स त्या टाकीवर लावत आले. पन्नासच्या लेन्सला टाकी काय आणि चंद्र काय, सारखंच, तिच्या लेखी टाकीपलीकडे सगळं अनंत. पाचशेच्या लेन्सची नजर लांब. तिला ऐंशी मीटर म्हणजे अंगण. अंगणाच्या कुंपणाशी सोमनाथांनी तिला बांधून घातलं होतं. पहिल्या दिवशी ती खुणेपलीकडे फिरत होती ती काही बिघाड म्हणून नव्हे. बनवणाऱ्याने तशीच केली होती. थंडीत, उन्हात धातू आखडतो, पसरतो, म्हणून दोन्हीकडे मोकळीक ठेवली होती. ती मोकळीकच आपण आवळून टाकली.

सांगावं की न सांगावं असा विचार मनात आला आणि गेला. हवेवर ढकलता आलं असतं. पोरीला कळलंही नसतं.

"दिशा, चूक माझी आहे," ते म्हणाले. "लेन्सही चांगली, कॅमेराही चांगला. मी तिला पाण्याच्या टाकीपुढचं बघायला बंदी केली. तुझे पाच दिवस माझ्यामुळे वाया गेले."

दिशाला आधी नीट कळलं नाही. कळल्यावर तिने विचारलं, "दुरुस्त होईल?"

"फडकं धर," ते म्हणाले.

बुधाने आपल्या डोक्याचं फडकं सोडून खडकावर अंथरलं. त्यावर सोमनाथांनी हिरवं फडकं अंथरलं, लेन्स उतरवून आडवी ठेवली आणि डोळ्याला भिंग लावलं. बोटं गारठली होती. बारीक स्क्रू, तिळाएवढे. दुकानात ते त्यांनी डोळे मिटून काढले असते, इथे पहिल्यालाच स्क्रू-ड्रायव्हर दोनदा घसरला. बुधाने दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि सोमनाथांचे हात आपल्या हातांत घेऊन थोडा वेळ धरून ठेवले. त्याच्या तळव्यांना भाताच्या खाचराचे घट्टे होते. मग सोडले. आता तिन्ही स्क्रू सैल झाले.

सोमनाथांनी रिंग मूळ जागी जाईल इतकी मोकळी केली, खुणेच्या बरीच पलीकडे, आणि आवळली. आडवा आठ आता नुसता आठ राहिला. लेन्स लावली. वाकले. बटण दाबलं.

रिंग जिथे थांबत होती त्या जागेवरून अलगद पुढे गेली.

फांदीवर साल आली. सालीवर एक पीस अडकलेलं दिसलं, त्याच्या एकेका तंतूसकट. काटक्यांच्या मागचा अंधार अंधार राहिला नाही, तो खडकाचा आतला भाग झाला, त्यावर दंवाची ओल. ऊन नेमकं कपारीच्या ओठावर आलं होतं. आणि त्या उन्हाच्या कडेला, काटक्यांच्या खोलगट भागात, कापसाचा एक मळकट बोळा होता. सोमनाथांना वाटलं लोकर असेल, कुठल्या मेलेल्या मेंढीची. त्यांनी रिंग केसाच्या निम्म्याएवढी फिरवली.

बोळ्याला डोळा होता.

डोळा काळा, ओला, आणि त्यात उन्हाचा एक ठिपका. पापणी खालून वर मिटली आणि उघडली. मग बोळ्यातून एक काळसर चोच वर आली, मागोमाग बारीक उघडी मान, आणि ते डोकं डुगडुगत इकडून तिकडे वळलं. चाळीस वर्षं त्यांनी काच पुसली, काच लावली, काचेच्या आत बुरशीचा तंतू दिसला तर तोही काढला. काचेपलीकडे असं काही असतं, आणि ते आत्ता, या घटकेला, आपलं आपण जगत असतं, हे कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं. पावणेदोनशे मीटरवर एक जीव जांभई देत होता आणि त्याला त्यांची खबरही नव्हती.

"काका?" दिशा म्हणाली. "काय आहे?"

ते बाजूला झाले. त्यांनी नुसता कॅमेऱ्याकडे हात केला.

दिशाने डोळा लावला. मग शटरचे हलके आवाज आले, एक, दोन, आणि मग ती फोटो काढायचंही विसरली. चेहरा बाजूला घेतला तेव्हा तिचे डोळे भरले होते. "महिन्याचं आहे," ती म्हणाली. "साधारण महिन्याचं. बुधादादा, या, बघा."

बुधा पुढे आला. कुठला डोळा मिटायचा ते त्याला ठरवता येईना, शेवटी डावा हाताने झाकला. "धुकं हाय," तो म्हणाला.

दिशा चपापली. पण सोमनाथांना कळलं. लांबचं बघायला बुधाची नजर घारीची, पण कॅमेऱ्याच्या खिडकीतलं चित्र जवळचं असतं आणि साठीला जवळचं पुसट होतं. खिडकीच्या कडेला नखाएवढं एक चाक होतं, डोळ्याच्या नंबरासाठी. लेन्सचा फोकस त्याने हलत नाही. "मी हे फिरवतो," ते म्हणाले, "तुम्ही सांगा कधी धुकं जातंय."

एक एक दातरा त्यांनी फिरवला.

"अजून हाय. अजून. जरा गेलं." मग बुधाने मोकळ्या हाताने थांबायची खूण केली.

पाड्यातून कुणाची तरी बैलांना हाक आली. बुधा तसाच वाकलेला, एक हात डोळ्यावर, एक गुडघ्यावर. शेवटी कॅमेऱ्यातच बघत, अगदी हळू आवाजात, जणू तिकडे ऐकू जाईल, तो म्हणाला, "ल्हानपणापासनं या कड्याच्या बुडाशी ऱ्हातो. वर काय हाय ते आज पाहिलं."

दहा वाजत आले तशी खडकांवर ऊब आली. चित्र पुन्हा थरथरायला लागलं. सोमनाथ हळहळले. पण बुधा आभाळाकडे बघत होता. "आता येईल," तो म्हणाला. "तुमचं चित्र हालाया लागलं ना, म्हंजी आता येईल. ही हवा वर चढल्याबिगर तिला उडता येत नाय."

आणि ती आली. माथ्याच्या वर आधी एक ठिपका, मग ठिपक्याला पंख फुटले, मग ती एकदाही पंख न हलवता, जिना उतरावा तशी एकेक वळसा घेत खाली आली. माणूस हात पसरून उभा राहिला तर जेवढा दिसेल त्याहून मोठी. कड्याजवळ आल्यावर पंखातून वाऱ्याचा आवाज आला, शिडाचं कापड फडकावं तसा, आणि तो तिघांनाही ऐकू आला. तिने पाय पुढे केले आणि कपारीवर उतरली. थरथरत्या चित्रात सोमनाथांना तिची वाकलेली मान दिसली आणि तिच्या चोचीत चोच घालून धडपडणारा तो मळकट बोळा. चित्र स्पष्ट नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी दिशाने फोटो जोडून लिहून दिलं. शिबिराची मंडळी भली निघाली, त्यांनी दुसरा डोंगर धरला, आणि त्यांच्यातल्या दोघांनी पुढे येऊन बुधाबरोबर पहाऱ्याचे दिवसही वाटून घेतले.

सोमनाथ दुकानात परतले. टाकी तिथेच होती, आणि पन्नासच्या लेन्ससाठी ती पुरेशी होती, तेव्हा त्यांनी तिला काही दोष दिला नाही. पण एप्रिलमध्ये ते दोनदा आणि मे महिन्यात तिसऱ्यांदा पेठच्या एसटीत बसले. घरच्यांना सांगितलं, कॅमेऱ्याचं काम आहे.

मेच्या त्या फेरीत पिल्लू पिल्लू राहिलं नव्हतं. तपकिरी, भारदस्त, मानेभोवती पांढऱ्या पिसांची झालर. कपारीच्या ओठावर येऊन ते पंख पसरून उभं राहायचं, दोन-चार वेळा झडपायचं आणि पुन्हा आत जायचं. दिशा म्हणाली आज-उद्या उडेल. सोमनाथ तिकाटण्यामागे बसले, डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर. चित्र पूर्ण मोठं केलेलं, नुसतं डोकं आणि छाती दिसत होती. ऊन चढलं, हवा थरथरू लागली. अकराच्या सुमारास ते पाखरू पुढे सरकलं, आणखी सरकलं, आणि चित्र रिकामं झालं. नुसता खडक.

सोमनाथ घाबरले. कॅमेरा खाली वळवला, खडक. डावीकडे वळवला, गवत. खाली पडलं की काय म्हणून पायथ्याकडे नेला, तर सगळं धूसर. रिंग फिरवू की बटण सोडू, काही सुचेना.

तेवढ्यात बुधाने मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कॅमेऱ्यापासून अलगद काढलं आणि वर वळवलं.

कड्याच्या पुढे, उघड्या आभाळात, ते पाखरू तिघांच्या डोक्यावरून जात होतं. जरा वेडंवाकडं, एका बाजूला कलत, सावरत. मग त्याच्या खाली तापलेली हवा लागली आणि पंख सरळ झाले. ते वर चढू लागलं. त्याची सावली खाचरावरून, पाड्याच्या कौलांवरून गेली, एका बाईने हातातलं सूप खाली ठेवून वर पाहिलं. सोमनाथ तोंड उघडं टाकून बघत राहिले. ते लहान होत गेलं, ठिपका झालं, आणि ठिपका कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कुणालाच सांगता आलं नाही.